आठ खिशांचा कोट

आमच्या कॅसिनोत पत्ते वाटणाऱ्यांच्या कपड्यांना खिसे नसत. नवा माणूस कामावर आला की त्याच्या पँटचे खिसे शिवून बंद करायचे, म्हणजे टेबलावरचं काही आत जायला नको. हे माझं काम. लास व्हेगासमधल्या त्या तळघरात मी किती खिसे बंद केले असतील, देव जाणे.

मी मूळची ओहायोची. तिथे आमच्या गावात पोलाद कारखान्यामागच्या खोलीत पडदे ओढून जुगार चाले. तिथे काम करायचा म्हणून माझा भाऊ दोनदा तुरुंगात जाऊन आला. मग त्या खोलीचे मालक वाळवंटात कॅसिनोची हॉटेलं बांधायला निघाले आणि आम्हालाही घेऊन आले. इथे तेच काम कायद्याने चालत होतं. पोलीस भावाला हात वर करून रामराम करायचे. आम्हा दोघांनाही कितीतरी महिने ते खरं वाटत नव्हतं. सकाळी रस्त्यावर इतका पांढरा उजेड असायचा, की समोरची हॉटेलं जमिनीपासून वीतभर वर तरंगताहेत असं वाटे.

छप्पन्न सालच्या मार्चमध्ये आमचे मॅनेजर क्रोनिनसाहेब स्वतः खाली आले. त्यांना एक ओव्हरकोट हवा होता, आतून आठ खोल खिसे असलेला, पण बाहेरून साधा दिसणारा. कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जमेतला काही भाग सरकारला कळण्याआधीच बाजूला काढला जातो आणि शिकागोच्या खऱ्या मालकांकडे पोचतो, हे तळघरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कोट घालणारा माणूस मापासाठी आला. हॉलिस पिंकार्ड, पन्नाशीचा, आधीचा घड्याळजी. हात उचलून उभं राहायला सांगितलं, तर मी टाचण्या काढल्या तरी तो तसाच उभा होता. कुठे हरवलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, समुद्र ऐकत होतो. तो माझ्या शिलाई यंत्राचा आवाज होता.

महिन्यातून एकदा तो आगगाडीने शिकागोला जाई. परतला की अस्तर उसवलेलं असे आणि मी ते नीट करीपर्यंत तो कपड्यांच्या ढिगाऱ्यावर बसून बोले. जूनमध्येही कोट अंगावरून काढता येत नसे. घामाने डोळे मिटत आणि मग खिडकीबाहेर गव्हाच्या शेतांतून जहाजं जाताना दिसत, असं तो सांगे. मला हसू येई. पुढेपुढे मी त्याच्या परतण्याचे दिवस मोजू लागले. दरम्यान हॉटेलला दुसरी इमारत झाली, मग तिसरी.

दोन वर्षांनी एके सकाळी त्याने कोट माझ्यापुढे ठेवला.

"टेक्लाबाई, सगळे खिसे शिवून टाका."

"वेड लागलंय का तुम्हाला? क्रोनिनसाहेब काय म्हणतील?"

"तेच ऐकायला त्यांच्याकडे चाललोय. मला आता हे ओझं पेलवत नाही."

मी सुई ओवली आणि आठही खिसे शिवले. टाके बारीक घातले, चांगल्या धाग्याने. तो कोट घेऊन वर गेला.

तासाभराने क्रोनिनसाहेब एकटेच खाली आले. कोट त्यांच्या हातावर होता. हे कुणी शिवलं, असं त्यांनी विचारलं. मी, असं सांगितलं. उसव म्हणाले. मी कात्रीला हात लावला नाही. तेव्हा तेच स्टुलावर बसले आणि एकेक टाका कापू लागले. त्यांचे वडील शिंपी होते, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. चौथा खिसा मोकळा झाल्यावर ते मान वर न करता म्हणाले, "तीनची बस आहे. पाच वाजता मला शिकागोला फोन करावा लागेल. त्याआधी तो या राज्यात नसला तर बरं."

मी धावत सुटले. हॉलिस पोहण्याच्या तलावाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसला होता. तलावातल्या बायका छत्र्यांखाली डुलत होत्या, कुठेतरी बँड वाजत होता. मी त्याला सारं सांगितलं. त्याने बूट घातले.

"तुम्ही पण चला," तो म्हणाला.

"माझा भाऊ इथे आहे. मी गेले तर त्याला जाब विचारतील."

तो एकटाच गेला. कोट नव्या माणसाला मिळाला आणि त्याचं अस्तरही मीच शिवत राहिले. त्याची लाज वाटत नव्हती असं नाही. ओरेगॉनहून नाताळात बिननावाचं कार्ड यायचं, मागे एका दुकानाचा पत्ता.

त्रेसष्ट साली भावाने लग्न केलं आणि बायकोच्या गावी शेतीवर गेला. त्याच आठवड्यात मी बस धरली. दुकान सापडलं तेव्हा दुपार होती, पाऊस पडत होता. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. हॉलिस खुर्चीत गाढ झोपला होता, तोंड किंचित उघडं. मी ओला रुमाल दारामागे टांगला आणि त्याच्या समोरच्या बाकावर बसले. त्याला उठवलं नाही.