माझ्या पाठीवरचा भोवरा

बोथजवळच्या एका खेड्यात वामनराव होते, त्यांची कारभारीण जयवंताबाई होती, पोटुशी सून भाग्यलक्ष्मी होती, आणि गोठ्यात होतो मी, चांद्या बैल. मीच बोलतोय.

आमच्याकडं बैल घेताना दात बघतात, खूर बघतात, मग अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. वामनरावांना माझी चाल आवडली अन् पाठ बघायची राहून गेली. घरी आल्यावर शेजारीण चंद्रभागा माझ्यावरून हात फिरवता फिरवता थबकली. वशिंडामागं भोवरा म्हणजे घराला वाईट, म्हणाली.

झालं! दूध नासलं, चांद्यामुळं. मुंगसानं कोंबडी नेली, चांद्यामुळं. वामनरावांचा गुडघा दुखला तरी जयवंताबाई गोठ्याकडं बघायची. वैरण तिनं कधी कमी केली नाही, पण कुरवाळायची ती माझ्या जोडीदारालाच.

सुनेचे दिवस भरत आले तशी जयवंताबाईला धास्ती बसली. मला बाजारात विकायचं ठरलं. वामनराव दावं सोडू लागले, अन् ती माझे गुन्हे सांगू लागली. लोणच्याला बुरशी लागली, इथवर पोचली आणि अडखळली.

"लोनच्याले बुरशी तं हा घरी याच्या आंधीच आलती," ती स्वतःशीच म्हणाली.

दारातून भाग्यलक्ष्मी हळूच बोलली, "आत्याबाई, हा आल्यावर गाय व्याली, कापूस बी बरा निंगाला. थे कोनामुळं?"

जयवंताबाई मटकन दावणीशी बसली. "चांगलं झालं तं देवानं केलं, वाईट झालं तं या मुक्या जीवानं! खडे सुपात ठेवून दानेच फेकून राह्यली होती मी."

"मंग माहा गुडघा?" वामनरावांनी विचारलं.

"तो म्हातारपनाचा हाये. बांदा त्याले परत."

सवय काही एका दिवसात जात नाही. अजून तिची नजर आधी भोवऱ्यावरच जाते. मग ती मुद्दाम तिथंच हात ठेवते. तो हात मला फार आवडतो.

परवा नात झाली. मायलेकी सुखरूप आहेत. गूळ खाता खाता चंद्रभागा म्हणाली, बैल मोठा पायगुणाचा निघाला हो.

"त्यानं काय आनलं वं?" जयवंताबाई म्हणाली. "तो बैल हाये, वखर ओढते. नात माह्या सुनेनं आनली."

बाबांनो, किती हलकं वाटलं मला! मला शुभ म्हणू नका, अशुभ म्हणू नका. चारा द्या, काम सांगा.

आज उन्हं उतरल्यावर ती नातीला पदराआड घेऊन गोठ्यात आली. "हा चांद्या," तिच्या कानाशी म्हणाली, "आपला बैल." पोरगी गाढ झोपली होती, अन् घरातून बाळंतिणीच्या धुरीतल्या बाळशेपांचा वास गोठ्यापर्यंत दरवळत होता.