नाव सोडून सगळी तयारी

आता कुत्रं आणायचं नाही, हे मी दिवाळीतच सांगून टाकलं होतं. भाद्रपदात टिप्याला वाघाने ओट्यावरून उचलून नेलं. वाघ म्हणजे बिबट्या, पण आमच्या आंदर मावळात त्याला बिबट्या म्हणतं कोण? त्यानंतर माझं घरात एवढं एकच मागणं होतं. पण सुनेचं ऐकतील तर ते माझे सासरे कसले. गावातल्या केरबाच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं कळलं आणि आबा उठून तिकडे गेले, त्यातलं एक आमचं म्हणून सांगूनच आले.

"शेरडांस्नी राखण नको का?" ते म्हणाले.

"राखण करणाराच गेला, आबा."

माझ्या नवऱ्याने, निलेशने, आधी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, मग माझ्याकडे बघून डोलावली आणि तो उर्शाला कंपनीत निघून गेला. त्याचं हे नेहमीचंच.

पिल्लू येणारच म्हटल्यावर मी तयारीला लागले. दारात आलेल्या जिवाची आबाळ माझ्याच्याने होत नाही. वडगावला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध आणलं, लस कधी द्यायची ते विचारून घेतलं. नुसतं दूध पाजू नका, मऊ भात आणि उकडलेलं अंडं द्या, असं ते म्हणाले. माझ्या जुन्या साडीचा तुकडा केरबाकडे पाठवला, कुत्रीच्या अंगाखाली राहू दे म्हणून. आईचा वास असला की पिल्लू कमी रडतं. ओट्यावर झोपवायचा तर प्रश्नच नव्हता, म्हणून आबांनी लोखंडी पिंजरा करायला टाकला.

राहिलं नाव. त्यावरून आमचं वाजलं.

या घरातला प्रत्येक कुत्रा टिप्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा होता तो टिप्या, त्याच्यानंतरचाही टिप्या. पण शेवटचा माझा होता. अंगावर खरोखरचे काळे ठिपके असलेला तोच एक. ते नाव दुसऱ्या कुणाला द्यायला मी तयार नव्हते.

"शेरडं त्या हाकेला वळत्यात, पोरी," आबा म्हणाले. "दिवस कलला की तू टिप्याला हाक मारायचीस, त्यो शेरडांस्नी घिऊन यायचा. त्यास्नी ती सवय लागलीया. आता बघ, रोज काठी घिऊन माळभर पळतीस."

"पळीन. पण त्ये नाव मी घ्यायची न्हाई."

पिल्लू आलं ते तांबूस, मुठीएवढं, पोट मात्र गाडग्यासारखं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि आबांना दाखवलं. "एक तरी ठिपका हाय का? कशाचा टिप्या?" केरबाच्या गोठ्यात शेळ्यांच्या पायांत जन्मलेलं ते, आमच्याकडे आल्या आल्या आमच्या शेळ्यांच्या पोटाखाली जाऊन बसलं. तिथून ओढून काढून पिंजऱ्यात ठेवावं लागे. त्याला सगळे नुसतं 'ए' म्हणायचे.

पिंजरा दणकट होता. आबांनी माप मात्र जुन्या टिप्याचं दिलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवशी शेरडं वळवायला निघण्याआधी पिल्लाला बघावं म्हणून गेले, तर कडी लावलेली आणि आत नुसता साडीचा तुकडा. दोन गजांमधून ते सहज निघून गेलं होतं.

ओट्याखाली पाहिलं, पेंढ्यात पाहिलं, चुलीमागे पाहिलं. ऊन डोंगराआड गेलं होतं. टिप्याला नेलं ती हीच वेळ. 'ए, ए' करत मी घराभोवती फिरले, पण 'ए' ही काय हाक आहे? ती कुंपणाबाहेरही जात नाही. माळाच्या टोकाला झाडीत अंधार भरायला लागला होता. लांबवर पोचेल अशी एकच हाक माझ्या तोंडात बसलेली होती.

"टिप्याऽऽ!"

भाद्रपदापासून मी ती हाक मारली नव्हती. घसा दुखेपर्यंत मारली.

माळावर घंटी वाजली. आधी म्हातारी काळी शेळी दिसली, मागून बाकीच्या, एकीमागे एक, काठीवाचून. आणि त्यांच्या पायांत, धडपडत, दोनदा तोंडावर पडत ते तांबडं पोर. त्याला नाव कुठलं ठाऊक. शेरडं घराकडे निघाली म्हणून तेही निघालं.

मी त्याला उचललं, छातीशी धरलं आणि रडले. नव्यासाठी रडले आणि जुन्यासाठीही, तेव्हाचं राहिलं होतं.

आबा ओट्यावरून बघत होते. हाक त्यांनी ऐकलीच होती, पण म्हातारा सरळ बोलेल तर शपथ.

"त्याच्या अंगावर ठिपका न्हाई," ते म्हणाले.

वाटेतल्या डबक्यात तोंडावर पडल्याने पिल्लाच्या कपाळावर चिखल लागला होता.

"हाय की. ह्यो काय."

"चिखल हाय त्यो, सविता. धुतला की जाईल."

"मग धूत न्हाई," मी म्हटलं, आणि कोंबड्यांची उरलेली जाळी पिंजऱ्याला बांधायला घेतली.