पाइप कोण धरतं

शेखर सरांनी मला दोन नावं दिली आणि म्हणाले, "सोमवारी दहाच्या आत यातलं एकच परत दे."

सर पिंपरीच्या हॉकी मैदानावर मुलींना शिकवतात. मुलींच्या नव्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलण्याचा दिवस, पंधरा दिवसांवर आला होता. एका संघाला पेनल्टी कॉर्नर मारणारी तरुण मुलगी हवी होती आणि त्यांची नजर आमच्याकडच्या दोघींवर होती. चिखलीची स्वरूपा आणि दिघीची नेहा. जागा एकच. संघाच्या माणसाने सरांना मेल केली होती की दोघींची तुलना आकड्यांत करून कळवा, तुम्ही म्हणाल तिला आम्ही घेऊ.

"सर, तुम्ही सहा वर्षं दोघींना बघताय. मी वेगळं काय सांगणार?"

"सहा वर्षं बघतोय म्हणूनच मी नको. तू मोजणारी आहेस दिपाली, तू मोज."

मोजणारी मी आहेच. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये लागले, तिथे गिअरचे दात मायक्रॉनमध्ये मोजते. शाळेत असताना याच मैदानावर हॉकी खेळायचे. खेळ बेताचाच होता, पण मैदान सुटलं नाही. रविवारी कॅमेरा लावून मुलींच्या फटक्यांचा वेग काढून द्यायचं काम मी हौसेने घेतलं होतं. शनिवारी माझी थर्ड शिफ्ट असते. सकाळी सातला सुटून, कंपनीच्या बसने मोशीला उतरून, पुढे रिक्षाने मैदानावर पोचेपर्यंत सव्वाआठ होतात. तोवर कृत्रिम गवतावर पाणी मारून झालेलं असतं, मुली तयार असतात आणि मैदान सांभाळणाऱ्या हिंदुराव काकांचा चहा उकळत असतो.

पेनल्टी कॉर्नरवर या दोघी मारतात तो फटका म्हणजे ड्रॅग-फ्लिक. चेंडू स्टिकला चिकटवून जमिनीवरून ओढत आणायचा आणि शेवटच्या क्षणी मनगटाने गोलात भिरकवायचा. मागच्या पाच रविवारांत मी प्रत्येकीचे दीडशे फटके मोजले होते. स्वरूपाची सरासरी ताशी एक्क्याण्णव किलोमीटर, नेहाची पंच्याऐंशी. पाचही रविवारी फरक जवळपास तेवढाच. योगायोग म्हणावा अशी जागाच नव्हती.

त्या जागेसाठी वयाची अट एकवीसच्या आतली होती. नेहा जूनमध्ये एकवीस पूर्ण करणार होती, म्हणजे तिला ही एकच संधी. स्वरूपा एकोणीसची, तिच्या हातात अजून दोन वर्षं. हे मला माहीत होतं, पण मी ते रिपोर्टात घेतलं नाही. विचारलं होतं ते 'कोण जास्त चांगली' एवढंच; कोणाला जास्त गरज, हे नाही. शनिवारी शिफ्टला निघण्याआधी मी स्वरूपाचं नाव लिहून फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मी बाकावर लॅपटॉप उघडून बसले होते. स्वरूपा पोह्यांची प्लेट घेऊन शेजारी येऊन टेकली.

"ताई, मी पुढे आहे?"

"अजून सांगायचं नाहीये."

"मग स्क्रीन कशाला उघडी ठेवलीस?" तिने वाकून तक्ता वाचला. ती हसेल असं मला वाटलं होतं. पण ती चमचा प्लेटमध्ये ठेवून पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. "हे चुकलंय."

"आकडे तीनदा तपासलेत मी."

"आकडे बरोबर असतील गं. नेहा मारते कधी, ते बघितलंस का? सगळ्यांच्या शेवटी."

"मग? दमलेली असते का?"

"ती कसली दमते. मैदान वाळलेलं असतं."

चहा गाळता गाळता हिंदुराव काका बोलले, "व्हय की. ह्या टोकाचे दोन फवारे कैक वर्सं बंद हायेत. हितं पाइपनंच पाणी मारावं लागतंय."

"तुम्ही मारत नाही का?"

"म्या नुसता वॉल्व खोलतो. पाइप जी पयली येती तिनं धरायचा. जुना नेम हाय हितला, तुमच्या सरांच्याबी आधीचा."

"आणि पहिली कोण येते?"

"पाचही रविवारी नेहा," स्वरूपा म्हणाली. "तिला दिघीहून सकाळची एकच बस आहे, ती सातच्या आत इथे सोडते. मी पप्पांच्या गाडीवर येते, आरामात. मी आल्या आल्या ओल्यावर मारायला लागते. ती पाणी मारणार, साठ मीटरचा पाइप गुंडाळणार, ओले मोजे बदलणार, मग वॉर्म-अप करणार. तिचा नंबर लागेपर्यंत पावणेनऊ."

एप्रिलमधले पावणेनऊ. ओल्या गवतावर चेंडू सरकतो, वाळक्यावर अडतो, हे मला शाळेपासून माहीत होतं. पाइपचा नेमही माझ्या वेळी होताच. तेव्हा मी कधीच पहिली आले नव्हते, म्हणून तो माझ्या लक्षातही राहिला नव्हता.

लॅबमध्ये आमचा एक नियम आहे. मशीनवरून नुकताच आलेला गरम पार्ट मोजायचा नाही. तो वीस डिग्रीच्या खोलीत काही तास ठेवायचा, मगच हात लावायचा, नाहीतर आपण पार्ट मोजत नसतो, त्याची ऊब मोजत असतो. गेल्याच महिन्यात यावरून मी एका ट्रेनीला सगळ्यांसमोर बोलले होते. आणि इथे मी पाच आठवडे गवतातलं पाणी मोजून त्याला नेहाचं नाव दिलं होतं.

"तू आधी का नाही बोललीस?"

"मला काय माहीत तुला माहीत नाही ते? तू सगळं मोजतेस. मला वाटलं, पाणीपण मोजत असशील."

"स्वरूपा, हा रिपोर्ट असाच गेला असता तर तुझं नाव लागलं असतं."

"कळतंय की मला, ढ नाहीये मी." तिने प्लेटमधले उरलेले शेंगदाणे एका कडेला गोळा केले. "पण तिकडे माझ्यासाठी पाइप कोण धरणार होतं? पहिल्याच मॅचला वाळक्यावर मारायची वेळ आली असती आणि सगळ्या टीव्हीवर दिसलं असतं."

मी सरांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी त्या बंद फवाऱ्यांकडे एक नजर टाकली आणि पुन्हा मोजायचं ठरवलं. मग नेहाला हाक मारली. ती शेडच्या कठड्यावर मोजे पिळत होती.

"परत मारायचे? हे कोरडे मोजेपण भिजणार मग," ती म्हणाली.

"तू कधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय ताई? कुणीतरी धरणारच ना पाइप."

त्या दिवशी पाइप शेखर सरांनी धरला. काकांनी वॉल्व जरा जास्तच उघडला आणि सरांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"हां, आता कळलं का सर," काका म्हणाले, "पोरी मोजे का पिळत्यात ते?"

प्रत्येक दहा फटक्यांआधी मी नाणं उडवून कोण आधी मारणार ते ठरवलं. ओल्यावर तीस-तीस. मग आम्ही सगळे शेडमध्ये बसून राहिलो आणि ऊन मैदानावर पडू दिलं. तासाभराने वाळक्यावर पुन्हा तीस-तीस.

ओल्यावर दोघींमधला फरक अर्ध्या किलोमीटरहून कमी आला. माझ्या कॅमेऱ्याची चूकच त्याहून मोठी असते, म्हणजे दोघी सारख्याच. वाळक्यावर नेहाचा वेग पंच्याऐंशीच राहिला. स्वरूपाचा ऐंशीच्याही खाली गेला. व्हिडिओ हळू करून पाहिल्यावर कारण दिसलं. नेहा अजून खाली वाकते आणि चेंडू जमिनीवर वीतभर कमी ओढते. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं पाइप गुंडाळून झाल्यावर जे गवत वाट्याला आलं, त्यावर ती शिकली होती.

मी रिपोर्ट नव्याने लिहिला. ओल्या मैदानावर फरक नाही, कोरड्यावर नेहा स्पष्ट पुढे, शिफारस नेहाची. खाली पहिल्या मोजणीतली माझी चूक लिहिली आणि त्याखाली हे वाक्य: 'ही चूक खेळाडू स्वरूपा हिने, स्वतःचा तक्ता पाहून, लक्षात आणून दिली.' सरांनी ते वाचलं.

"शेवटचं वाक्य काढू नकोस," ते म्हणाले.

पाठवण्याआधी मी स्वरूपाला सांगितलं. तिला ते मेलमधून कळू नये असं मला वाटत होतं.

"कितीनं मागे?"

"वाळक्यावर जवळजवळ सहा."

तिने मान डोलावली, चहा अर्धा ठेवला आणि वडिलांच्या गाडीकडे गेली. हेल्मेटचा पट्टा तिला पहिल्या दोन प्रयत्नांत लागला नाही. तिला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

ड्राफ्टच्या दिवशी आम्ही शेडमध्ये सरांच्या मोबाइलभोवती गोळा झालो होतो. पहिल्या दोन फेऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत त्या संघाने नेहाचं नाव घेतलं. नेहा आपल्या तळहातांकडे बघत राहिली. स्वरूपाने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली, तेव्हा कुठे नेहाला हसू आलं आणि मग रडू. तिने स्वरूपाला धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

"आता पाइप तुझा," नेहा म्हणाली.

"एवढंच ठेवून चाललीस का माझ्यासाठी?"

नेहा संघाच्या शिबिराला गेली त्या आठवड्यात मी शनिवारची शिफ्ट बदलून घेतली. रविवारी सात वाजून पाच मिनिटांनी मी मैदानावर होते. माझ्या हिशेबाने मीच पहिली असणार होते. पण गोलासमोर पाण्याची कमान उडत होती आणि पाइपच्या टोकाला स्वरूपा उभी होती, नुसत्या मोज्यांवर, ट्रॅकपँट पोटरीपर्यंत दुमडून. तिने वडिलांना साडेसहालाच सोडायला लावलं होतं.

मला तिचे आभार मानायचे होते. कितीतरी दिवस ते वाक्य मी मनात जुळवत होते. तिच्यामुळे मी एका मुलीच्या एकुलत्या संधीवर चुकीचा आकडा लिहिण्यापासून वाचले होते, आणि तिने ते स्वतःची जागा देऊन केलं होतं. मी एवढंच म्हणू शकले, "स्वरूपा, त्या दिवशीचं..."

"ते राहू दे. ते टोक उचल आधी, गाठ पडतीये."

मी चपला काढून पाइपचं टोक उचललं. दोघींनी मिळून तो गुंडाळला. भरलेला पाइप एवढा जड असतो हे मला त्या दिवशी कळलं. बाकीच्या मुली येऊन ओल्यावर मारू लागल्या. मी सवयीने कॅमेऱ्याच्या पिशवीकडे वळले.

"घाई करू नकोस ताई," मोजे पिळता पिळता स्वरूपा म्हणाली. "आधी मैदान वाळू दे."