न संपणारी पंगत

नाशिक रोडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'अनंत' या विषयावर बोलायला मी हो कसा म्हणालो, कुणास ठाऊक. नोकरीत असल्यापासून मी गणिताची आणि ताऱ्यांची पुस्तकं वाचत आलो. माझी बायको नवसाबाई म्हणायची, "एवढं वाचता, एकदा तरी मला कळेल असं सांगा की." ते कधी जमलं नाही. आज ती दुसऱ्या रांगेत बसली होती. बाकीचे हसले तरी चालेल, तिला कळलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

"समजा, एक पंगत बसलीय," मी सुरुवात केली. "तिला शेवटच नाही. एक पाहुणा उशिरा आला. मग पहिल्याने दुसऱ्याच्या पाटावर सरकायचं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. शेवट नाही, त्यामुळे बाहेर कुणीच पडत नाही. पाहुण्याला पहिला पाट मिळाला!"

एकदोघांनी मान डोलावली. मला जरा धीर आला.

"पण अप्पा," अध्यक्ष निवृत्तीभाऊ म्हणाले, "सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय आपल्यात कुणी घास घेत नाही. तुमची माणसं जेवणार कधी?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. किती लग्नांत मी समोरच्या वरणभाताकडे बघत हात आखडून बसलो असेन!

"जेवणार नाहीत," मी पुटपुटलो. "वाढप संपणारच नाही."

"आणि दुसरी पंगत दारात ताटकळत!" मागून जयराम ओरडला. सगळे खो खो हसले. मी खाली बसलो. नवसाबाई हसत नव्हती.

परतताना आम्ही रिक्षा केली. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "अहो, भात वाढणारी बाई पुढे गेली, की मागे कधी यायची?"

"सगळ्यांना वाढून झाल्यावर."

"म्हणजे नाहीच."

"नाही."

"ताऱ्यांचंही असंच का हो?"

"काहींचं. इतके लांब चाललेत की त्यांचा आत्ताचा उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही."

"आणि त्यांच्यापुढे?"

"माहीत नाही. असेल तसंच, न संपता."

तिने पदर खांद्याभोवती ओढून घेतला. "आणि पहिल्या पाटावर त्या बाईचाच नवरा बसला असला तर?"

तिला कळलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती बाई नवऱ्यापासून पुढे पुढेच जाताना दिसायला लागली, आणि मला रिक्षात बसवेना. "दादा, जरा लवकर घ्या," मी म्हणालो. घरी कुणी वाट बघत नव्हतं, तरी.