गोडाचं कपाट

कैरुआन शहरातल्या आमच्या गल्लीत सी शादलींच्या, म्हणजे शादलीसाहेबांच्या, स्मरणशक्तीची ख्याती होती. त्यांची हयात सरकारच्या गालिचा-कचेरीत गेली. विणकरणी गालिचे घेऊन यायच्या, ते मागच्या बाजूने बोट फिरवून गाठी तपासायचे आणि पसंत पडला तर शिक्का मारायचे. निवृत्तीनंतरही कुणाच्या घरी गेले की आधी जमिनीकडे बघायचे. “हा तुझ्या आत्याचा. निळी लोकर संपली म्हणून तिने कोपऱ्यात काळी घातली होती. मी ओरडलो होतो तिला.” कोपरा उलटून बघावा, तर काळी लोकर असायचीच.

बायको गेल्यावर घरात ते आणि थोरली मुलगी दलिला, एवढेच उरले. दलिला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे. धाकटा अनीस फ्रान्समध्ये, लियोंला इंजिनिअर होता. रोज फोन करायचा, आणि लांब राहणारी मुलं करतात तशी सगळी काळजी फोनवरूनच करायची.

दलिला शाळेतून यायची तेव्हा बाबा झोपलेले असायचे. बाहेर ऊन असं, की गल्लीत मांजरसुद्धा दिसू नये. ती चप्पल दारातच काढायची, स्वयंपाकघरात जायची आणि कपाट उघडायची. शेजारच्या मन्नूबिया खाला दर शुक्रवारी मकरूद पाठवायच्या. रव्याच्या वड्या, पोटात खजूर, तळून मधाच्या पाकात बुडवलेल्या. दलिला एक खायची, डबा बंद करायची, तोंड पुसायची. मग डबा पुन्हा उघडायची. बशीत घेऊन, बसून तिने कधी खाल्लं नाही. बशीत घेतलं असतं तर ते खाणं झालं असतं. हे असं उभ्याउभ्याचं तिच्या लेखी खाण्यात जमा नव्हतं. पुढ्यात माणसं असली की ती म्हणायची, “नको, मला गोड फारसं आवडत नाही.”

त्या उन्हाळ्यात अनीस सुट्टीला आला आणि बाबांच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली; डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या सकाळी त्याने कपाटातला डबा उघडला. तळाशी नुसता पाक होता.

“ताई, हा परवा भरलेला होता ना? कोण खातं एवढं?”

दलिला टोमॅटो चिरत होती. तिने मान वर केली नाही. “मला काय विचारतोस? बाबांना विचार.”

नंतर ती स्वतःला सांगायची, की ते आपण सहज म्हटलं होतं, नुसता विषय टाळायला. पण अनीस तसाच उठून अंगणात गेला आणि त्याने विचारलं.

“मी शुक्रवारी एक खातो,” सी शादली म्हणाले. “तोही तुमच्यासमोर.”

“बाबा, डबा रिकामा आहे.”

“मग उंदीर असेल.”

“उंदीर खाऊन झाल्यावर झाकण लावून जातो?”

“आपल्याकडचे उंदीर संस्कारी आहेत. तुमच्या फ्रान्सचं मला माहीत नाही.”

अनीस हसला, पण त्याचं समाधान झालं नाही. परत जाण्यापूर्वी त्याने कपाटाच्या दाराला आतून एक पांढरं बटण चिकटवलं. दार उघडलं की त्याच्या फोनवर घंटी वाजणार, थेट लियोंमध्ये.

“माझ्या स्वयंपाकघरावर फ्रान्समधून पहारा?” म्हातारा म्हणाला. “एकदा आपल्या देशातून घालवलं होतं ना आपण त्यांना?”

त्या बटणाचं दलिलाला मनातून बरंच वाटलं. आता आपलंही सुटेल, असं तिला वाटलं. आणि काही आठवडे सुटलंही. दुपारी ती पाणी पिऊन सरळ खोलीत जायची, वह्या तपासायची.

मग एके दिवशी शाळेत तपासनीस आला. वर्गात मागे बसून राहिला आणि जाताना मुलींसमोर म्हणाला, “मॅडम, तुमचे नकाशे तुमच्याइतकेच जुने झालेत.” मुली हसल्या. दलिला तास सोडून लवकर घरी आली. चप्पल दारात, पाय स्वयंपाकघरात, हात कपाटात, सगळं सवयीने झालं. तिळाच्या हलव्याचा तुकडा तोंडात गेला आणि तेवढ्यात बैठकीतला फोन वाजला.

बाबा झोपेतून उठून आले. त्यांचा आवाज भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू येत होता.

“कोण, अनीस? या वेळी?... नाही रे, झोपलो होतो... कपाट? कुणी नाही उघडलं. दलिला शाळेत आहे. अजून आली नाही.”

दलिला घास न चावता उभी राहिली.

“हो, घरात मी एकटाच,” बाबा म्हणाले. मग हळू आवाजात, “असेल. मीच उघडलं असेल. पाणी प्यायला उठलो असेन... नाही, आठवत नाही मला.”

दोन पावलं टाकून बैठकीत जायचं आणि म्हणायचं, बाबा, मी आहे. एवढंच करायचं होतं. दलिला स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बोळात उतरली, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली, आणि किल्ल्या वाजवत आत शिरली.

“बाबा, मी आले हं!”

ते अजून फोनपाशीच उभे होते. उजव्या हाताची बोटं नाकाशी धरून हुंगत होते. गोडाचा वास येतो का, बघत होते.

त्या दिवसापासून सी शादली बदलले. आधी ते दर संध्याकाळी नाक्यावरच्या कॅफेत पत्ते खेळायला जायचे. ते बंद झालं. मित्र बोलवायला आले की म्हणायचे, “गुडघा दुखतोय.” अंगणात बसून स्वतःशी काही पुटपुटायचे. एकदा दलिलाने कान दिला, तर ते जुन्या विणकरणींची नावं क्रमाने म्हणत होते, आणि एका नावाशी अडले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. त्यांचे थोरले भाऊ हबीब शेवटी शेवटी पोटच्या मुलांनाही ओळखेनासे झाले होते.

“दलिला, हबीबकाकाचं सुरुवातीला असंच झालं होतं का गं?”

“काहीतरीच काय, बाबा. तुम्हाला काही झालेलं नाही.”

“मग कपाट कोण उघडतं?”

ती म्हणाली, “चहा ठेवते,” आणि उठली. कपाट त्यानंतरही उघडलं गेलं. ज्या दिवशी तिला स्वतःचा सगळ्यात जास्त तिटकारा यायचा, त्याच दिवशी हात तिकडे जायचा.

शेवटी अनीसने टपालाने डबा पाठवला. हंड्याएवढा, जाड पारदर्शक प्लास्टिकचा, झाकणावर फिरवायची चकती. चकती फिरवून वेळ लावली, की ती संपेपर्यंत झाकण कुणालाच उघडायचं नाही, लावणाऱ्यालासुद्धा नाही.

“सगळं गोड त्यात टाक, ताई,” तो फोनवर म्हणाला. “मध, जाम, साखरेची बरणीसुद्धा. शुक्रवार ते शुक्रवार. आणि रात्रीची भाकरी बंद कर त्यांची. चोरून खातात ते कुठून तरी भरून निघायला हवं ना?”

“भाकरीशिवाय ते जेवत नाहीत रे.”

“मग दुसरा उपाय सांग.”

दुसरा उपाय तिला माहीत होता. तिने भाकरी बंद केली. सी शादलींनी तक्रार केली नाही. वाटीतलं सार चमच्याने संपवायचे, गोळी घ्यायचे आणि मुकाट झोपायला जायचे, शिक्षा झालेल्या मुलासारखे. दलिलाने मात्र मन्नूबिया खालांचं ताट आलं की अर्धं आधी काढून घ्यायचं आणि उरलेलं डब्यात कुलूपबंद करायचं, असं सुरू केलं. तिचा वाटा तिच्या खोलीत, हिवाळी घोंगड्यांच्या पेटीत, पत्र्याच्या डब्यात असायचा.

एका रविवारी सकाळी बाबा कॉफीला आले नाहीत. ती खोलीत गेली. ते पलंगाच्या कडेला बसले होते, सदरा घामाने भिजलेला, आणि बूट हातात घालू पाहत होते.

“जमीला,” ते म्हणाले, “हे होत नाहीये गं.”

जमीला तिच्या आईचं नाव. दलिलाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे हे खरंच विसरायला लागलेत. आणि क्षणभर तिला हलकं वाटलं. पुढे बाकी सगळ्याची ती स्वतःला कशीबशी माफी देऊ शकली, या एका क्षणाची कधीच देऊ शकली नाही.

मग तिला त्यांचे थरथरणारे हात दिसले. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं आठवलं. घाम, कापरं, असंबद्ध बोलणं, म्हणजे साखर उतरली. लगेच गोड द्यायचं, वाट बघायची नाही.

ती स्वयंपाकघरात धावली. डब्यात साखर दिसत होती, मध दिसत होता. चकती शुक्रवार दाखवत होती. तिने झाकण ओढलं, डबा जमिनीवर आपटला, पितळी खलबत्त्यातला बत्ता घेऊन घाव घातले. प्लास्टिकला चरा पडला, फुटलं नाही. घाव घालताघालताच ती थांबली, बत्ता टाकला आणि आपल्या खोलीकडे पळाली. घोंगड्या उपसून फेकल्या. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी मधाचा पाक साचला होता. तो तिने चमच्याने बाबांच्या ओठांत घातला. “गिळा, बाबा. अजून एक. गिळा.”

आवाज ऐकून मन्नूबिया खाला दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी जमिनीवरच्या घोंगड्या बघितल्या, डबा बघितला.

“अगं बाई, हे तर माझे मकरूद. तुझ्या खोलीत?”

दलिलाने पुन्हा चमचा भरला. खालांनी वाकून म्हाताऱ्याचा घाम पदराने पुसला. थोड्या वेळाने सी शादलींनी आजूबाजूला पाहिलं, हातातल्या बुटाकडे पाहिलं आणि विचारलं, “हा इथे काय करतोय?”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं. “गोळी तीच, आणि जेवण अर्ध्यावर? हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत? असंच होणार मग.”

“मुलांना बोलू नका,” सी शादली म्हणाले. “चूक माझी आहे. डॉक्टर, मला विसरण्यावर काही औषध द्या. मी चोरून गोड खातो आणि मला आठवत नाही. लाज वाटते सांगायला. या वयात चोरी, आणि तीही आठवू नये.”

“ते तुम्ही नाही खाल्लं,” दलिला म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“मी खाल्लं, बाबा. सगळं. पहिल्यापासून. त्या दिवशी अनीसचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही त्याच्याशी बोलत होता, ते सगळं ऐकलं मी.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला नाही, आनंद आला. तोंड अर्धवट उघडं राहिलं, डोळे भरले.

“म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

“ठीक आहे, बाबा.”

“मी उघडलंच नव्हतं कपाट?”

“कधीच नाही.”

“अल्हम्दुलिल्लाह,” ते म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंना अभिमानाने सांगू लागले, “मला वाटलंच होतं. नावं सगळी आठवत होती मला.”

आनंद दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत टिकला. पायऱ्या उतरताना दलिलाने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. टॅक्सीत पुढे बसले. घराजवळ आल्यावर, मागे न वळता म्हणाले, “खाल्लंस त्याचं काही नाही गं. भूक माणसाला लागते. पण मी बोटं हुंगत होतो, ते तू बघितलंस.”

त्या रात्री तिने अनीसला फोन केला. तो सुरुवातीला ओरडला, मग म्हणाला, “आणि मी इथे बसून त्यांची भाकरी बंद करवली.” बटण सी शादलींनी स्वतः चाकूने खरवडून काढलं. चरा पडलेला डबा खालांनी नेला आणि त्यात त्या कोंबड्यांचं धान्य ठेवू लागल्या.

सी शादली पुन्हा कॅफेत जाऊ लागले. दलिलाला वाटलं, आता गल्लीभर बोभाटा होणार. बाजारात कुणी तिच्याकडे बघून हसलं की तिचे कान तापायचे. पण त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. खालांनीच एकदा ताट देताना टोमणा मारला, “हे अर्धं तुझं, हे अर्धं त्यांचं. आता बस आणि माणसासारखी खा.” दलिला बसली. हळूहळू का होईना, बशीत घेऊन खायला शिकली. कधी कधी अजूनही उभ्यानेच खायची, पण दुसऱ्या दिवशी बाबांना सांगायची. ते “बरं” म्हणायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

पुढच्या हिवाळ्यात एकदा ती शाळेतून आली तर घरभर जळका वास. किटली गॅसवर होती, पाणी आटून तळ काळा पडला होता. बाबा अंगणात उन्हाला बसले होते.

“बाबा, किटली ठेवून विसरलात.”

“मी?”

“हो. जळली बघा.”

त्यांनी किटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चिडून नाही, नीट निरखून, पूर्वी गालिच्याची मागची बाजू बघायचे तसे.

“नक्की मीच?”

“मी आत्ता येतेय, बाबा. पिशवी अजून खांद्यावर आहे माझ्या.”

“शपथ?”

“आईची शपथ.”

ते काठी घेऊन उठले, भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, “मन्नूबिया! अगं मन्नूबिया! ही दलिला आत्ता आली का घरी? तू बघितलंस?”

दलिला जळकी किटली हातात धरून उभी राहिली. तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. पलीकडून खालांचं उत्तर येईपर्यंत तीही बाबांसारखीच भिंतीकडे बघत राहिली.