मधली ओळ वाजवणारा रेकॉर्डर

अंगावर मेणाने बुजवलेली एक चीर मिरवणारा मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. आवाज टिपून ठेवणारे यंत्र नव्हे. सरळ धरून फुंकायचे लाकडी वाद्य, बासरीचा परदेशी चुलतभाऊ. माझा जन्म जर्मनीतला. पुण्यातल्या एका दुकानात सहा वर्षे धूळ खात पडलो होतो, तिथून मला सोलापूरला आणले वेणीमाधव सरांनी. बार्शीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

दर रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तिघे आपापला रेकॉर्डर घेऊन जमत. वरच्या सुरांची ओळ जगदेवीची. ती वळसंगची, घरी कानडी बोलणारी, त्याच शाळेत बाई. खालची ओळ चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या सुबोधची. मधली सरांची, म्हणजे माझी. वाजवायचो ते युरोपातले चारशे वर्षांपूर्वीचे संगीत. त्यात एक मुख्य आणि बाकीचे साथीला, असा प्रकार नसतो. तिन्ही ओळी आपापल्या वाटेने चालतात आणि एकमेकींना सांभाळून घेतात.

सुरुवातीला काय फजिती व्हायची! तिघांनाही भजनाची सवय. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी तेच मागून म्हणायचे. त्यामुळे पान संपेपर्यंत सर आणि सुबोध आपली ओळ सोडून जगदेवीचीच चाल वाजवू लागत, आणि वर चेहऱ्यावर समाधान! "अवो सर, आपापल्या घरात ऱ्हावा की!" जगदेवी ओरडायची. आपल्या ओळीत राहायला सरांना वर्ष लागले. पण मग त्यांनी ती अशी धरली की सुबोध म्हणायचा, "सर मधे हायत म्हणून आमी दोघं उभं हाय." ते ऐकून मी फुगून जात असे. खोटे कशाला बोलू, स्तुती मला आवडते.

पुढे सरांना कमी ऐकू येऊ लागले. त्यांच्याआधी ते मला कळले, कारण ते मला जास्तच जोरात फुंकू लागले. कानाला यंत्र लावले, तर त्यातून माझा आवाज कर्कश येई. बाकीचे दोघे कुठे पोचलेत याचा त्यांना पत्ता लागेना. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते पार पुढे निघून गेले. दोघे थांबले, तरी हे वाजवतच राहिले. मान वर केली तेव्हा दोघे खाली बघत होते. सरांनी मला पुसले, घरी नेले आणि पत्र्याच्या कपाटात ठेवून दिले.

मार्च, एप्रिल, मे. सोलापूरचा मे तुम्हाला मी काय सांगावा! पत्रा तापला, लाकूड वाळले आणि मला चीर गेली. पण मला जास्त वाईट वाटे ते सरांचे. कपाटाच्या फटीतून मला दिसे, रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होत, आणि कुठेच जात नसत.

जूनमध्ये जगदेवी घरी आली. सरांच्या समोर खुर्ची ओढून मोठ्याने म्हणाली, "सर, तुमी चुकला म्हणून काय बिघडलं न्हाय. तुमी येईना झालाय म्हणून लई बिघडलंय."

"बाई, तुम्ही मला ऐकूच येत नाही. सुरुवात कुठे करू? माझ्यामुळे तुमचा बेरंग होतो."

"ऐकू नका. बघा. मी श्वास घेतला की माझा खांदा वर येतोय. खाली आला की सुरू करा."

तिने माझी चीर मेणाने बुजवली, मला बदामाचे तेल लावले. पुढच्या रविवारी तिघे गुडघ्याला गुडघा लावून बसले. सरांची नजर तिच्या खांद्यावर आणि सुबोधच्या बोटांवर. तीनदा गाडी घसरली. चौथ्यांदा आम्ही शेवटपर्यंत पोचलो. जमले की नाही, हे सर दोघांच्या चेहऱ्यांवर शोधत होते. तेवढ्यात सुबोध काहीतरी पुटपुटला आणि दोघे हसले. सरांचा चेहरा पडला.

"काय म्हणाला तो?"

पूर्वी अशा वेळी दोघे 'काही नाही, सर' म्हणून पुढचे पान काढत. आज जगदेवी पुरती त्यांच्याकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सुबोध म्हणतोय, आज दोन जागी त्योच चुकला. सरांना ऐकू आलं न्हाय, बरं झालं!"

सर असे हसले की शिपाई दारात येऊन बघू लागला.

मित्रांनो, वाद्य वाजवून झाले की पुसत जा, उन्हातापात टाकू नका. आणि घरात कुणी 'काय म्हणालास?' असे विचारले, तर कंटाळू नका. त्यांच्याकडे तोंड करा आणि सगळे पुन्हा सांगा. थट्टासुद्धा.