दहा दिवसांची चिठ्ठी

निळ्यात चिमूटभर काळा मिसळला, की आभाळ खरं वाटतं.

जळालेल्या पंख्याचा वास कपड्यांतून धुऊनही जात नाही.

"पायांची नखं तरी कापायचीत हो, पेंटर!"

आठ वर्षांपूर्वी एक माणूस प्रार्थना चालू असताना उठून बाहेर गेला.

हे सगळं एकाच घरातलं. पेंटर म्हणजे थोरला; दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पंखे दुरुस्त करायचा तो धाकटा. चर्चच्या छतावर थोरल्याने स्वर्गारोहण रंगवलं होतं: वर ढग, ढगांत नाहीसे होणारे प्रभूचे नुसते दोन पाय, खाली माना वर करून उभे शिष्य. नखांवरून टोमणा मारला तो ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींनी. आणि उठून गेला तो धाकटा. कारण त्या दिवशी थोरल्याने भर उपासनेत, डोळे मिटून, खणखणीत आवाजात मागितलं होतं, "प्रभू, माझ्या भावाची दारू सोडव."

देवाच्या कानात सांगायची गोष्ट त्याने शंभर माणसांच्या कानात सांगितली. त्याला मात्र वाटलं, आपण भावासाठी रदबदली केली.

या चर्चच्या मंडळीची एक रीत होती. चर्चला यायचं सोडलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी लाकडी पेटीत टाकायच्या. ज्याला जी निघेल त्याने पेंटेकॉस्टच्या रविवारपर्यंत, म्हणजे दहा दिवसांत, त्या माणसाकडे जायचं. उपदेश करायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत. जाऊन बसायचं. पाळकसाहेब दरवर्षी तेच सांगत: प्रभू वर गेला आणि शिष्य आभाळाकडे बघत राहिले. त्याने जाताना काम नेमून दिलं होतं, बघत राहायला सांगितलं नव्हतं.

आजवर धाकट्याची चिठ्ठी दुसऱ्याच कुणाला तरी निघे. तो त्यांना दुकानात बसवून चहा पाजी आणि म्हणे, "तुम्ही आलात, बरं वाटलं. ज्याने यायचं तो छतालाच चिकटलाय."

यंदा चिठ्ठी थोरल्याला निघाली.

"दोन गल्ल्या टाकून तर जायचंय," बायको म्हणाली. "भावोजी खोकल्याने बेजार झालेत म्हणे."

"छताचे पोपडे निघालेत. तेवढं आभाळ करून घेतो, मग जातो. त्यालाच घेऊन येईन, म्हणेन, बघ."

"आभाळ कुठे पळून चाललंय?"

"तू गप गं. हेही प्रभूचंच काम आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने पोपडे खरवडले. पाचव्या दिवशी निळा लावला. सातव्या दिवशी पाळकसाहेब शिडीखाली येऊन उभे राहिले.

"पेंटर, कुठवर आलं?"

"ढगांपर्यंत."

"मी चिठ्ठीचं विचारतोय."

त्याने खाली पाहिलं नाही. मान अवघडली होती. तोंडावर रंगाचे थेंब पडत होते. "चुकलं माझं." हे दोन शब्द त्याने तिथे, छताकडे तोंड करून, तीसेक वेळा म्हणून पाहिले होते. छताला सांगायला काहीच कठीण नव्हतं.

नवव्या दिवशी, शनिवारी, भावजय आली. आठ वर्षांत पहिल्यांदाच ती या दारातून आत आली. पायांत चप्पल नव्हती.

"दादा, खाली या."

"काय झालं?"

"खाली या म्हणते ना."

तो एकेक पायरी उतरला. ब्रश हातातच राहिला.

"सकाळी गेले," ती म्हणाली. "आता तरी येऊन बसा."

रविवारी रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून सांगू लागला, कुणाकडे गेलो, काय झालं. थोरल्याची पाळी आली.

"मला भावाची चिठ्ठी निघाली होती," तो म्हणाला. "मी गेलो नाही."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "प्रार्थना कराल?"

त्याने डोळे मिटले, तोंड उघडलं. खणखणीत आवाजाचा तो माणूस तसाच उभा राहिला. मावशींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग ऑर्गनवरचे हात काढून मांडीवर ठेवले. छताचा एक कोपरा अजून ओला होता. वर कुणीच पाहिलं नाही.

धाकटा रोज दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी जाई. वर्षातले ते दहा दिवस मात्र तो दुकान उघडंच ठेवी आणि जेवण तिथेच मागवी. यंदाही, शेवटच्या शुक्रवारपर्यंत.